काजूच्या भट्टीवर: आधी बघा, मग चाखा

गोव्यात छोटी, घरगुती वायनरी बघायची आहे, कुठे जाऊ, असं विचारणाऱ्याला आमचं सरळ उत्तर असतं: काजूच्या भट्टीवर, म्हणजे काजूच्या बोंडांची फेणी गाळतात तिथे, जा. आपल्याकडे वाइनच्या द्राक्षांचे मळे नाहीत. गोव्याची म्हणून विकली जाणारी पोर्ट वाइन बाहेरून आलेल्या द्राक्षांची असते. पण घरच्या भाटातलं (बागेतलं) फळ, घरच्याच माणसांनी मळलेलं, आंबवलेलं आणि परसात गाळलेलं पेय हवं असेल तर पेडणे, डिचोली, सत्तरी, सांगे, केपे, काणकोण यांपैकी कुठल्याही तालुक्यात हंगामात अशी भट्टी सापडते. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गोव्यातून असं मानांकन मिळालेलं हे पहिलं उत्पादन.

हंगाम फेब्रुवारीच्या शेवटी सुरू होतो आणि मे महिन्यात संपतो. मार्चचा दुसरा पंधरवडा ते एप्रिलअखेर हा सर्वांत चांगला काळ, कारण तेव्हा एकाच फेरीत मळणी, आंबवण, हुर्राक (पहिली गाळणी) आणि फेणी असे चारही टप्पे चालू सापडतात. मोहोराच्या वेळी ढगाळ हवा राहिली किंवा ढेकण्या ही कीड पडली की हंगाम मागे सरकतो. ऐन एप्रिलात अवकाळी पाऊस झाला तर पडलेली बोंडं पाणी पिऊन फुगतात, रस पातळ होतो. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करून 'उद्या बोंडू आहेत का, गाळायला भाण लावणार का' एवढं विचारून घ्यावं. भट्टी ही कामाची जागा आहे. पाहुण्यांसाठी कोणी जाळ पेटवून बसत नाही.

सकाळी आठच्या आत पोचावं. अत्तर, डिओ, बाम काही लावू नये, कारण त्या वासापुढे हुर्राकचा वास कळत नाही. भाजी-पाव खाऊन जा, पण मिरची-लसूण बेताने.

पहिली गोष्ट बघायची ती बोंडं. काजूचं बोंडू झाडावरून तोडत नाहीत, पिकून आपोआप पडलेलं उचलतात. टोकाला खिळा ठोकलेल्या लांब काठीने टोचून उचललं की वाकावं लागत नाही. बी जागेवरच पिळून वेगळी करतात. ही बी वेगळी होणं फार महत्त्वाचं. तिच्या सालातलं तेल कातडीवर फोड आणतं, आणि बियांसकट फळ चेंगरलं तर तेच तेल रसात उतरतं. ढिगाजवळ उभं राहून एक बोंडू हातात घ्या. देठाकडे हिरवी झाक असेल तर ते काठीने झोडपून पाडलेलं. बोटाने दाबल्यावर सालीतून रस फुटला आणि वास गोड, किंचित अननसासारखा आला तर बरोबर पिकलेलं. काळं पडून माश्या बसलेलं असेल तर ते कालचं किंवा परवाचं. आदल्या दिवसाची बोंडं मळणीला घ्यायची नाहीत, हा चांगल्या भट्टीकाराचा पहिला नियम. बोंडू पडल्यापासूनच आंबायला लागतं, आणि ते आंबणं कोणाच्या ताब्यात नसतं.

लाल चांगलं की पिवळं, हा वाद प्रत्येक भाटात ऐकायला मिळतो. रंगापेक्षा झाडाची जात आणि पिकण्याचा क्षण यांना जास्त महत्त्व आहे, असं आमचं मत. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राच्या जातींची कलमं मोठी बी देतात म्हणून लावली गेली. फेणीसाठी मात्र बीचा आकार उपयोगाचा नाही, रसातली साखर उपयोगाची. जुन्या, रोपापासून वाढलेल्या झाडांची बोंडं लहान पण गोडीला चढी, असं बरेच भट्टीकार सांगतात आणि त्यात तथ्य वाटतं.

मळणी कोळंबीत होते. कोळंबी म्हणजे कातळात किंवा चिऱ्यात खोदलेला, एका बाजूला उतार असलेला उथळ हौद. आता बऱ्याच ठिकाणी सिमेंटची असते. धुतलेल्या पायांनी बोंडं तुडवली की रस उताराने खालच्या भांड्यात जातो. यंत्राने चेंगरलं तर वेळ वाचतो, रसही थोडा जास्त निघतो, पण चोथा फार बारीक झाला तर दोन तोटे होतात. रसात तुरटपणा वाढतो, आणि बारीक गाळ भाणाच्या तळाशी जाऊन करपतो. पाय आपोआप हवा तेवढाच दाब देतो. यंत्र वापरणाऱ्या भट्टीवर रस कापडातून गाळतात का, ते नक्की बघा.

तुडवून उरलेल्या चोथ्याची गोल रास करून ती नुडीच्या वेलीने गुंडाळतात आणि वर फळी ठेवून जड दगड रचतात. त्यातून थेंब थेंब जो नितळ रस गळतो तो नीरो. चाखण्याची सुरुवात इथून करायची. अर्धा पेला पुरे, बर्फ नको. आधी गोडी लागते, मग जिभेच्या कडा आकसतात. हा तुरटपणा टॅनिनचा. नीरोत तो असणारच, पण घसा खवखवण्याइतका असेल तर बोंडं कच्ची होती किंवा चोथा फार दाबला गेला. नीरो सकाळी प्यावा. उन्हं चढली की काही तासांत तो फसफसायला लागतो, म्हणून बाटलीत भरून घरी नेण्याचा मोह टाळा. झाकण घट्ट लावलेली बाटली गाडीच्या डिकीत फुटते.

तुडवणीचा रस आंबवायला जातो. पूर्वी मातीची मोठी कोडी (रांजण) जमिनीत पुरत. आता बऱ्याच जागी प्लास्टिकची पिंपं दिसतात. बाहेरून यीस्ट घालत नाहीत, साखर घालत नाहीत. बोंडाच्या सालीवर आणि भांड्यात जे असतं तेच काम करतं. साधारण तीन दिवस लागतात, एप्रिलच्या उकाड्यात त्याहून कमी. इथे घरातल्या जाणत्या माणसाशी बोलावं.

'काका, हे कितव्या दिवसाचं?'
'परवा सकाळचं. आता कान लाव बघ.'

कान लावल्यावर रटरट आवाज जोरात असेल तर अजून साखर शिल्लक आहे. आवाज विरळ होऊन वरचा फेस खाली बसायला लागला की भाण लावायची वेळ झाली. त्याच्या आधी लावलं तर साखर वाया जाते आणि भाणात फेस उसळतो. एक दिवस उशीर झाला तर रस आंबट होऊन शिरक्याकडे झुकतो. तो आंबटपणा गाळून जात नाही, वाफेबरोबर पुढे येतो. ज्या भट्टीवर कोडी दर खेपेला रिकामी करून धुतात तिथे हा दोष क्वचित आढळतो. जिथे 'जुन्या कोडीत लवकर आंबतं' म्हणून न धुता वरून नवा रस ओततात, तिथे तो हमखास.

आता थोडं गणित, कारण याच गणितावर पुढे किंमत तपासता येते. काजूच्या रसात साखर साधारण १० ते १२ टक्के. ती आंबली तर साधारण ५ ते ६ टक्के मद्यार्क होतो. म्हणजे १०० लिटर आंबलेल्या रसात साडेपाच लिटरच्या आसपास शुद्ध मद्यार्क. त्याचं १५ टक्क्यांचं हुर्राक काढलं तर कागदावर ३६-३७ लिटर, आणि ४२.८ टक्क्यांची फेणी काढली तर १२-१३ लिटर. प्रत्यक्षात गळती, वाफ, शेवटची सोडून दिलेली धार यांत काही जातं, म्हणून हाती येतं ते याहून कमी. उलट बाजूने मोजा: १०० किलो बोंडांतून ६० ते ६५ लिटर रस धरला तर फेणीच्या ७५० मिलीच्या एका बाटलीमागे निदान ९-१० किलो बोंडं लागतात. एक बोंडू ५० ते ७० ग्रॅमचं. दीडशे-दोनशे बोंडं कोणीतरी एकेक करून उचललेली, बी पिळलेली, तुडवलेली. त्यावर लाकूड, मजुरी आणि अबकारीच्या पावणीत (लिलावात) भरलेली रक्कम. कोणी बाटली फारच स्वस्तात देत असेल तर ती कशी परवडते, हे त्याला विचारा.

भाण म्हणजे उकळायचं भांडं. पूर्वी मातीचं असे, आज बहुतेक ठिकाणी तांब्याचं. त्याच्या तोंडापासून नळी निघते, ती पूर्वी समोरच्या मडक्यात, म्हणजे लवणीत जात असे, आणि लवणीवर करवंटीच्या डावाने सारखं पाणी ओतत बसावं लागे. आता बहुतेकांकडे पाण्याच्या टाकीत बुडवलेली तांब्याची कॉइल असते. सांध्यांना वारुळाची माती आणि चिंध्या यांचा लेप लावतात. ही माती चिकट असते आणि तापल्यावर सहज तडकत नाही. तरी लेपाजवळ एक चक्कर मारा. कुठून तरी गोडसर, झोंबरा वास येत असेल तर सांधा सुटला आहे आणि धंद्याचा माल हवेत चालला आहे. वाफ पेट घेणारी असल्यामुळे तिथे विडी-सिगारेट अजिबात नको.

भाण काठोकाठ भरत नाहीत, वर किमान पाव भाग मोकळा सोडतात. जास्त भरलं की उकळता रस फेसासकट नळीत चढतो आणि पुढे गढूळ, आंबूस धार येते. जाळ सुरुवातीला मोठा, नळी तापायला लागली की लगेच कमी. घाईने मोठा जाळ ठेवला तर दोन वाईट गोष्टी एकदम होतात: तळाचा गाळ करपतो, आणि वाफ थंड व्हायच्या आत कॉइलमधून बाहेर पडते. धार बोटाला कोमट लागली तर टाकीतलं पाणी तापलं आहे, असं समजा. चांगल्या भट्टीवर धार बारीक, अखंड आणि गार असते. अगदी सुरुवातीची थोडी धार नाकात झणकन जाणारी असते, ती जाणते लोक वेगळी काढतात. शेवटची धार पाणचट आणि ओल्या पुठ्ठ्याच्या वासाची होते, तिथे थांबायचं असतं. लोभ इथेच होतो. आणखी दोन लिटर निघतील म्हणून भाण चालू ठेवलं की सगळा घाणा बिघडतो.

पहिल्यांदा गाळून येतं ते हुर्राक, साधारण १५ टक्क्यांचं, कुठे थोडं चढं. फेणीसाठी हे हुर्राक आणि आंबलेला रस एकत्र करून पुन्हा भाण लावतात. जुन्या पद्धतीत हुर्राक, मग काजुलो आणि मग तिसऱ्या गाळणीची फेणी असे टप्पे होते. आज बहुतेक घरं दोन गाळण्यांवर थांबतात आणि त्यालाच फेणी म्हणतात. जोर मोजायला काचेचा तरंगता मापक वापरतात, त्याच्या अंशांना ग्राव म्हणतात. फेणी १९-२० ग्रावाची, असं सांगितलं तर ते बाटलीवरच्या टक्क्यांशी जुळवत बसू नका, ती दोन वेगळी मापं आहेत. गाळलेला माल गरम असताना मापक बुडवला तर आकडा चढा दिसतो, हे मात्र लक्षात ठेवा.

चाखायची वेळ येते तेव्हा बसून घ्या. भट्टीच्या धुरापासून दहा-पंधरा पावलं दूर, सावलीत. छोटे, तोंडाशी निमुळते काचेचे ग्लास सोबत नेले तर उत्तम. स्टीलच्या पेल्यात वास ठरत नाही. प्रत्येक वेळी १५ मिलीहून जास्त ओतू नये. मध्ये पाणी आणि साध्या पावाचा तुकडा.

हुर्राक आधी. ग्लास नाकापासून चार बोटं लांब धरून वास घ्या, मग जवळ आणा. ताज्या हुर्राकात पिकलेलं बोंडू स्पष्ट ओळखू यायला हवं, मागून हलकी आंबट झाक. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी: टॅनिन उडून जात नाही, ते भाणातच राहतं. म्हणून हुर्राक जिभेला आकसत असेल तर तो दोष कच्च्या बोंडांवर टाकू नका. बहुधा तो जास्त आंबलेल्या रसाचा असतो, किंवा फेस चढून कच्चा रस नळीत आलेला असतो. कच्च्या बोंडांची खूण वेगळी, हिरव्या पाल्याचा वास. करपल्याचा वास घोट गिळल्यावर घशाच्या मागून येतो, नाकाने आधी कळत नाही. हुर्राक तसंच दोन घोट चाखून झाल्यावर मग हवं तर लिम्का, लिंबू, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून प्या. एप्रिलच्या दुपारी याहून चांगलं पेय आम्हाला माहीत नाही. पण ते चाखणं नव्हे, लिम्कात सगळे दोष झाकले जातात.

फेणीला घाई नको. ओतल्यावर तीन-चार मिनिटं तशीच ठेवा. नव्या फेणीचा पहिला भपका अनेकांना नकोसा वाटतो, आणि तो खाली बसायला थोडा वेळ लागतो. एक थेंब जिभेवर, मग छोटा घोट, मग अर्धा चमचा पाणी घालून दुसरा. पाणी पडल्यावर चांगली फेणी उघडते: बोंडू, सुकलेली साल, थोडा मिरीसारखा झणका. वाईट फेणी पाण्याबरोबर उघडी पडते: शिरका, धूर, ओला पुठ्ठा. पाणी घालताच बरीच धूसर झाली तर शेवटची धार जास्त मिसळली असण्याची शक्यता आहे. फेणी पाण्यासारखी स्वच्छ असावी. लाकडी पिंपात मुरवलेली पिवळसर असते, पण ते आधी सांगितलेलं हवं. निळी-हिरवी झाक दिसली तर मात्र तोंडाला लावू नका. कॉइल न धुता पडून राहिली की आंबट वाफेने तांबं सुटतं आणि धारेत येतं.

बाटली हलवून बुडबुडे बघण्याची पद्धत सगळीकडे आहे. गळ्याशी बुडबुड्यांची माळ काही क्षण टिकली की माल जोरदार, असं म्हणतात. ते खरं आहे, पण त्यातून जोर कळतो, शुद्धता नाही. काडी लावून निळी ज्योत दाखवणारेही भेटतात, त्यातूनही जोरच कळतो. भेसळ पकडायची तर हात चोळा. तळहातावर चार थेंब घेऊन चोळायचे, मद्यार्क उडून जाऊ द्यायचा आणि मिनिटाभराने वास घ्यायचा. काजूचा वास राहिला तर ठीक. काहीच राहिलं नाही किंवा गोळीसारखा गोड सुगंध आला तर तो स्पिरिट आणि इसेन्सचा माल. याहून खात्रीची परीक्षा म्हणजे रिकामा, न धुतलेला ग्लास रात्रभर ठेवणं. खऱ्या फेणीचा वास सकाळीही ग्लासात असतो.

भट्टीवर दुकशिरीची फेणी मिळाली तर ती शेवटी चाखा. अनंतमुळाच्या मुळ्यांमुळे तिला मातकट, गोडसर वास येतो आणि त्यानंतर साध्या फेणीतलं बारीकसारीक कळत नाही. माडाची फेणी हा वेगळाच विषय. ती सुरापासून (माडीपासून) होते, चवीला सौम्य, आणि दक्षिणेकडे जास्त. काजूच्या फेणीशी तिची तुलना करण्यात अर्थ नाही.

घ्यायचं काय? हुर्राक हवं तेवढंच घ्या. त्याचा जोर कमी असल्याने ते टिकत नाही, पावसाळा लागेपर्यंत फिकं पडतं. फ्रीजमध्ये थोडं जास्त दिवस राहतं, इतकंच. फेणी मात्र पुढच्या हंगामासाठी ठेवण्याजोगी. भट्टीकार ती मोठ्या काचेच्या गराफांवात ठेवतात आणि तेच बरोबर आहे. प्लास्टिकच्या डब्यात दिली तर घरी पोचताच काचेत ओता, कारण एवढ्या जोराचा मद्यार्क प्लास्टिकचा वास ओढून घेतो. बूच घट्ट, उन्हापासून दूर, बाटली उभी. सहा महिन्यांनी तीच फेणी पुन्हा चाखा, भपका कमी झालेला असतो आणि फळ पुढे आलेलं असतं.

परवाना असलेल्या भट्टीवरूनच घ्या आणि पावती मागा. राज्याच्या सीमेवर अबकारीची तपासणी असते, आणि महाराष्ट्रात न्यायची तर तिथले नियम व परवान्याची चौकशी आधी करावी. विमानाने नेणार असाल तर लेबल असलेली, सीलबंद बाटलीच चालते. २४ ते ७० टक्के मद्यार्काच्या पेयाला चेक-इन सामानात माणशी ५ लिटरची मर्यादा आहे. गराफांवातून भरून दिलेली बिनलेबलाची बाटली विमानतळावर अडते. गोव्यात मद्यपानासाठी कायद्याने ठरवलेलं वय पूर्ण लागतं. आणि चाखणाऱ्याने गाडी चालवायची नाही. सत्तरीतले घाटरस्ते उन्हातान्हातही अवघड आहेत, तेव्हा न पिणारा एक जण सोबत घ्यावा आणि त्याला ताजा नीरो भरपूर पाजावा.